धर्माची गाय, पण दात मोजूनच!

२०२२ सालचा वैशाख. सकाळचे सहा वाजले असतील. सडा टाकायला म्हणून दार उघडलं, तर फाटकाशी ती उभी. एका हातात दावं, दाव्याला गाय आणि मागे शाळेच्या वयाची तिची लेक. ऊन तापायच्या आत पोचावं म्हणून सहा किलोमीटर अंधारातच चालत आलेली. मी "ये, बस" म्हणायच्या आत तीच म्हणाली, "ताई, हे गाय ठेवून घ्या तुमची. माह्याच्यानं नाही होत आता."

मला काही सुचेचना. ही गाय आमच्या महिला मंडळानेच तिला दिली होती. सहा महिन्यांपूर्वी, ऐन वसुबारसेला. नवरा गेलेला, दोन एकर कोरडवाहू जमीन, दोन लेकरं. आम्ही बायकांनी वर्गणी काढली, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, पै पै जमवली आणि चांगली बारा लिटर दुधाची संकरित गाय विकत घेतली. चार दिवसांची व्यालेली, खाली गोऱ्हा. गाईच्या गळ्यात झेंडूची माळ, शिंगांना रंग, पुरणपोळीचा घास, ओवाळणी, फोटो. गावातल्या पुढाऱ्यांची भाषणंही झाली. त्या दिवशी घरी येताना आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं की एक संसार आपण उभा करून दिला.

आणि आता तोच संसार दावं हातात घेऊन माझ्या फाटकाशी उभा होता.

मंडळाची बैठक झाली. जे बोललं जाणार ते बोललं गेलंच. "फुकटचं मिळालं की किंमत नसते." "कष्ट नको असतात या लोकांना." एक वयस्कर काकू तर म्हणाल्या, "अगं, धर्माची गाय आणि दात का नाय, असं विचारू नये म्हणतात. ही तर गायच परत घेऊन आली!" सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, पण घरी आल्यावर ती म्हण काही डोक्यातून जाईना. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, हे खरंच बरोबर आहे का? जिला ती गाय रोज सांभाळायची आहे, तिने दात मोजायचे नाहीत तर कुणी मोजायचे?

मग मी एक केलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिच्या घरी गेले. म्हटलं, "बाई, तू रागावू नकोस. मला फक्त हिशेब सांग." मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, गणित माझं कच्चंच. पण त्या दिवशी तिने चुलीपाशी बसून जो हिशेब सांगितला, तो कुठल्या कॉलेजात शिकवत नसतील.

दहा-बारा लिटर दूध देणाऱ्या गाईला दिवसाला पंचवीस-तीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो वाळलेला चारा लागतो. तिच्याकडे तुरीचं कुटार आणि थोडा कडबा होता. हिरवा चारा कुठून आणणार? विहिरीला पाणी दिवाळीपर्यंतच. शिवाय अंगासाठी किलो-दीड किलो आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक. म्हणजे रोज पाच-सहा किलो ढेप आली. आमच्या विदर्भात सरकीची ढेप घालतात. तिचा किलोचा भाव आणि दुधाचा लिटरचा भाव अगदी एकमेकांना धरून चालतात, कित्येकदा ढेपच चार पावलं पुढे! त्यात दुधाचा भाव फॅटवर. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागलं नाही की पैसे कापले. नुसत्या कुटारावर फॅट कुठून लागणार? उन्हाळ्यात गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर, कधी त्याहूनही जास्त पाणी लागतं. ते हापशीवरून कोण आणत होतं? तिची सातवीतली लेक. मार्च-एप्रिलमध्ये ती पोरगी शाळेत जवळजवळ गेलीच नव्हती.

शेवटी तिने सांगितलं, "ताई, गाय आमच्यापेक्षा जास्त खाते. तिच्यासाठी मी मजुरीले जाणं बंद केलं, अन् मजुरी बंद झाली तर तिले खाऊ काय घालू?"

मैत्रिणींनो, यात आळस कुठे दिसतो सांगा! मला तर यात फक्त आमचा उतावळेपणा दिसला.

दुःख याचं की हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले होते. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि आमचा वर्धा, ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात निम्म्या अनुदानावर दुभती जनावरं देण्याची योजना होती. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन या गावात आले होते. वर्तमानपत्रांतून रोज वाचायचे, की जिथे चारा नाही, पाणी नाही, तिथे जास्त दुधाच्या महागड्या गाई जाऊन पडल्या. कुणी विकली, कुणी दुसऱ्याला पैसे देऊन सांभाळायला दिली. पंचेचाळीस अंश तापणाऱ्या आमच्या या मुलखात थंड हवेतल्या रक्ताच्या गाई तग धरतील कशा, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. सरकारची चूक आपल्याला दिसते, आणि पंधरा वर्षांनी वर्गणी काढून आपण तीच चूक करतो. फरक एवढाच, की आम्ही झेंडूची माळ घातली होती.

बरं, हा वर्धा जिल्हा म्हणजे काही गाईला अनोळखी मुलूख नव्हे. गवळाऊ ही आमची इथली गाय, चपळ, काटक, उन्हाला दाद न देणारी. दूध थोडं देते, पण मागतेही थोडंच. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीस इथेच गोसेवेला वाहून घेतलं होतं. वर्ध्याला आलेला पाहुणा अजूनही गोरसपाकाचा पुडा घेतल्याशिवाय परत जात नाही. पण आम्ही बाजारात गेलो ते "जास्त दूध कुठली देते?" एवढंच विचारत. घेणारीच्या घरी काय आहे, हे कुणीच विचारलं नाही.

मग मी वाचायला लागले, माहीतगारांना विचारायला लागले. कळलं की जनावर देऊन गरिबाला उभं करायची कल्पना जगभर चालते. अमेरिकेतले डॅन वेस्ट नावाचे शेतकरी स्पेनच्या यादवी युद्धात निर्वासितांना दूध वाटायचं काम करत होते. त्यांच्या मनात आलं, यांना कपभर दूध देण्यापेक्षा गायच का देऊ नये? त्यातून उभ्या राहिलेल्या 'हायफर' संस्थेने १९४४ साली पहिल्या कालवडी पोर्तो रिकोला पाठवल्या. त्यांचा एक नियम मला फार आवडला. ज्याला कालवड मिळाली, त्याने तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यायची. म्हणजे आज जो घेतो, तो उद्या देणारा होतो. आफ्रिकेतल्या रवांडा देशाने २००६ साली 'गिरिंका' नावाने, दर गरीब घरामागे एक गाय अशी योजना सुरू केली, तिथेही पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? लेकीला आंदण म्हणून गाय द्यायची पद्धत होतीच. अर्धेलीने शेळी सांभाळायला द्यायची रीत तर अजून खेडोपाडी आहे. जनावर एकाचं, राखण दुसऱ्याचं, पिल्लं निम्मी निम्मी. आपल्या आज्यांना हे अर्थशास्त्र ठाऊक होतं, आपणच विसरलो.

सगळ्यात शहाणपणाचं काम मात्र शेजारच्या बांगलादेशातलं. तिथल्या 'ब्रॅक' संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब बायकांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. गाय, शेळी नाहीतर कोंबड्या द्यायच्या, पण नुसत्या देऊन मोकळं व्हायचं नाही. जनावर पोटाला देईपर्यंत घरखर्चाला थोडे पैसे, आधी शिक्षण, दर आठवड्याला कुणीतरी घरी येऊन विचारपूस, थोडी बचत, थोडं औषधपाणी आणि हे सगळं जवळजवळ दोन वर्षं! पश्चिम बंगालमध्ये 'बंधन'ने असंच काम केलं. नंतर सहा देशांत हजारो घरांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. ती करणाऱ्यांत नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लोही होते. मदत थांबून वर्ष उलटलं तरी त्या घरांचं खाणं-पिणं, मिळकत आधीपेक्षा बरी होती. फक्त होंडुरास देशात मात्र हा लाभ टिकला नाही. का? तिथे बऱ्याच बायकांनी कोंबड्या घेतल्या आणि त्या रोगाने मेल्या!

बघा, म्हणजे पैसे, आठवड्याची भेट, सगळं असूनही जनावर मेलं की संपलं. त्याच २०२२ च्या पावसाळ्यात आपल्याकडे लम्पी आला. महाराष्ट्रभर किती गोठे रिकामे झाले ते आपण पाहिलंच. ती गाय तिच्याकडेच राहिली असती आणि लम्पीने गेली असती तर? आम्ही तिचा विमाही उतरवला नव्हता. कानात बिल्ला नाही तर भरपाई नाही, हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. ओवाळणीचं ताट मात्र अगदी साग्रसंगीत होतं!

तेव्हा ठरवलं, पुन्हा करायचं तर आधी शिकायचं, मग द्यायचं. २०२३ मध्ये आम्ही आठ बायका निवडल्या. म्हणजे आम्ही नाही, त्यांच्या बचत गटांनीच निवडल्या. तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुवैद्यक मॅडमना विनंती केली. पहिला वर्ग सकाळी दहाला ठेवला, तर दोघीच आल्या! अहो, दहाला बाई निंदणात असते. मग दुपारी चारची वेळ केली, तरी चार-पाचच. शेवटी रात्री आठला, जेवणं झाल्यावर, देवळाच्या ओट्यावर बसलो, तेव्हा कुठे आठच्या आठ आल्या, वर चार जणी ऐकायला. सरकारी प्रशिक्षणं कोरडी का जातात, याचं निम्मं उत्तर मला त्या घड्याळात मिळालं. तालुक्याच्या हॉलमध्ये, ऑफिसच्या वेळात, चहा-बिस्किटावर जे प्रशिक्षण होतं, त्याला घरचा पुरुष जातो. शेण काढणारी, धार काढणारी घरीच राहते.

आणि त्या रात्रीच्या वर्गांत किती शिकलो म्हणून सांगू! गाईलाही आपल्यासारखेच नऊ महिने नऊ दिवस असतात, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा बायका गालात हसल्या. वासरू जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजलाच पाहिजे. आपल्याकडे वार पडेपर्यंत थांबतात आणि चिकाचा खरवस घरोघर वाटतात. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवशी त्याच्या पोटात जायला हवा. उरला तर खरवस! बाळाला पहिलं दूध पाजा म्हणून अंगणवाडीताई आपल्याला सांगते, त्यातलंच हे. धार काढल्यावर सडांची तोंडं अर्धा तास तरी उघडी असतात, तेवढ्यात गाय शेणात बसली की काससुजी ठरलेली. म्हणून धार झाल्या झाल्या पुढ्यात चारा टाकायचा, म्हणजे ती उभी राहते. इतकी साधी, बिनपैशाची गोष्ट! त्या पहिल्या गाईचं एक सड याच कारणानं गेलं होतं.

माजाचंही तसंच. दर एकवीस दिवसांनी गाय माजावर येते. सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एक माज हुकला की एकवीस दिवस फुकट, तेवढा खुराक अंगावर. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस, लाळ्या-खुरकुताची लस. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात गर्भपाताच्या रोगाची लस, एकदाच. दावणीला बांधून ठेवण्यापेक्षा कुंपण घालून मोकळं सोडलं आणि पाण्याचं टाकं आत ठेवलं, तर गाय तहान लागेल तेव्हा पिते आणि बाईच्या हंड्याच्या खेपाही वाचतात. अडीअडचणीला १९६२ या क्रमांकावर फोन करायचा, हेही कित्येकींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

वर्ग झाले आणि मग विचारलं, "तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न आम्ही आयुष्यात पहिल्यांदा विचारत होतो! दोघींनी कालवड मागितली. त्यांच्याकडे विहिरीला बारमाही पाणी होतं, बांधावर गवत लावून झालं होतं. पाच जणींनी शेळ्या मागितल्या. पाच महिन्यांत वितात, कुठल्याही बांधावरचा पाला खातात, मजुरीवरून येताना चार फांद्या आणल्या तरी भागतं. उस्मानाबादी शेळीला तर बरेचदा जुळी होतात. आठवी म्हणाली, "मले जनावर नको. शिलाई मशीन द्या." आम्ही मशीन दिलं. तिने हिशेब केला होता, तो आम्ही मानला.

सगळं गोड झालं असं नाही सांगणार. एकीच्या दोन शेळ्या आजाराने गेल्या. एकीने लेकीच्या ऑपरेशनसाठी दोन्ही विकल्या. मंडळात पुन्हा कुरकूर झाली, "विकून टाकल्या!" पण मला विचाराल तर शेळी त्यासाठीच असते. आपण अडचणीला गळ्यातलं गहाण टाकतो, तिने शेळी विकली. सावकाराच्या दारात जावं लागलं नाही, हाच तिचा नफा. काहीजणींकडे गोऱ्हेच झाले. २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि गोऱ्ह्यांनाही लागू आहे. कायद्यामागची भावना मी समजू शकते. पण शेतात ट्रॅक्टर आले, गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही, आणि दोन एकरवाल्या विधवेने त्याला जन्मभर काय घालावं, याचं उत्तर तिला एकटीला शोधायला लावणं बरं नव्हे. कालवडीच होण्याची शक्यता वाढवणाऱ्या रेतमात्रा आता मिळतात. त्या आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आहेत का, हे तरी आपण विचारावं.

माझं म्हणणं एवढंच. वसुबारसेला, वाढदिवसाला, आई-वडिलांच्या स्मरणार्थ जनावर देणाऱ्या मंडळांनी, क्लबांनी आणि सरकारी योजनांनीही देण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. आधी चारा-पाणी, मग जनावर. आधी शिक्षण, तेही बाईच्या वेळेला, तिच्या गावात. जनावराचा विमा आणि दुधाचं खातं तिच्याच नावावर. राबायचं तिने आणि दुधाचा पगार उचलायचा घरच्या पुरुषाने, हे चालायचं नाही. आणि निदान दोन वर्षं पाठीशी राहायचं. फोटो काढायचाच असेल तर दोन वर्षांनी काढा! सरकारच्या दहा शेळ्या-एक बोकड किंवा दुधाळ गटाच्या योजनेत स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. तो भरायला बाईने व्याजाने पैसे काढले, तर ते अनुदान कुणाच्या घरात गेलं?

"एवढं करायला वेळ कुणाला आहे?" असं मला विचारतात. खरंय. दहा घरांना गाय देणं सोपं आहे, तीन घरांपाठी दोन वर्षं फिरणं अवघड. मग तीनच द्या. उरलेल्या पैशांत ढेप, लस आणि विमा होतो.

आणि हो, ती? तिला आम्ही पुन्हा विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गाय नको. दोन शेळ्या द्या, पण आधी शिकवा." त्या आठ जणींत ती होती. लेक पुन्हा शाळेत जाऊ लागली. मंडळाचा नियम आम्हीही तोच केलाय, शेळीची पहिली पाट पुढच्या बाईला द्यायची. गेल्या वसुबारसेला तिने आपली पाट शेजारच्या गल्लीतल्या एकीला दिली. भाषणं नाहीत, माळ नाही. देवळाच्या ओट्यावर तिने त्या बाईला हळद-कुंकू लावलं, पाट हातात दिली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी चारा काय हाये तुह्या?"

वयस्कर काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "बघ, ही दात मोजून देते आहे." मी मान हलवली. देणारीनेच दात मोजले, तर घेणारीवर गाय परत आणायची पाळी येत नाही.